शांतम्माची गवाही

हेग, १४ ऑक्टोबर १९७९

अक्का,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी सुखरूप पोचलो. एका उंच घराच्या अगदी वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकीतून समोरच्या घराच्या विटा दिसतात आणि खालून ट्राम जाते. घरमालकीण वयस्कर आहे. सकाळी नमस्कारासारखं काहीतरी म्हणते आणि मग घरात माणूस आहे की नाही ते दिवसभर कळत नाही. पूजा रोज नीट करतो, विभूती पुरवून वापरतो. जेवणाचं विचारू नकोस. पाव, चीज आणि उकडलेले बटाटे.

पुण्यात कायदा शिकवताना जी पुस्तकं नुसती नावानं ठाऊक होती ती इथे हाताशी आहेत. माझा विषय तुला सांगितलाच होता. माणसावर अन्याय झाला तर त्याला दाद मिळवून द्यायला त्याचं सरकार किती बांधील आहे, हे मला तपासायचंय. जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून तसा एक करार केला आहे आणि गेल्या एप्रिलात आपला देशही त्यात सामील झाला.

हा विषय का घेतला, असं प्राध्यापकांनी पहिल्याच भेटीत विचारलं. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. माझी थोरली बहीण परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावात असते, तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे. गेल्या वर्षी औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं ठरलं, त्या रागात खेड्यापाड्यांत बौद्धांची घरं जाळली गेली. बहिणीच्या गावातही जाळली, आणि तानुबाई नावाची एक म्हातारी त्यात गेली. पोलिस आले तेव्हा सगळं गाव म्हणालं, आम्ही काही पाहिलं नाही. माझी बहीण एकटी म्हणाली, मी पाहिलं.

मग प्राध्यापकांनी विचारलं, "आणि तुम्ही इथे काय करताय?"

खटला कधी उभा राहतोय ते कळव. तू जबाब द्यावास असं मीच म्हणालो होतो, त्यामुळे जिवाला घोर आहे.

तुझा,
कल्याण


हातनोली, १० डिसेंबर १९७९

चिरंजीव कल्याणला अक्काचा जीवभरून आशीर्वाद.

तुझं निळं पत्र मिळालं. फिकीर करू नको. मी बरी हाय. तुझे दाजी पण बरे हायत. दुकानात आजकाल निवांतपणा हाय, म्हणून ते दुपारी तिथंच आडवे होतेत अन् रातीला पण तिथंच राहतेत. उंदरं लय झालेत म्हणतेत.

पाणी मी आता हिरीवरून आणत न्हाई. वढ्याला जाते. जरा लांब पडतंय, पण चालणं झालं की पायाला बरं वाटतं. नर्मदाबाईची भेट होत न्हाई, तिच्या मागं कामाचा लय पसारा हाय. तिच्या मुंजाजीचं लगीन ठरलं म्हणून ऐकलं. पोरगी जिंतूरकडची हाय.

सोमवारच्या पूजेला आपले जंगम स्वामी आले न्हाईत. त्यांना दुसऱ्या गावाला जायचं व्हतं. मीच केली पूजा.

खटल्याची तारीख अजून लागली न्हाई. लागली की कळवीन. तू पोटाला खा. बटाट्यावर माणूस जगत न्हाई. कापूस चांगला आलाय औंदा, बघायला तू पाहिजे व्हतास.

अक्का


हेग, ६ जानेवारी १९८०

अक्का,
तुझं पत्र आलं आणि खोलीत आपलं माणूस आल्यासारखं झालं. तू चालायला लागलीस हे वाचून बरं वाटलं. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस असं मी केव्हाचा सांगतोय. दाजींनाही जरा उसंत मिळाली म्हणायची. त्या दुकानानं त्यांना कधी बसू दिलं नाही.

इथे दुपारीच अंधारून येतं. नाताळात सगळं शहर आपापल्या घरात गेलं आणि मी एकटाच ग्रंथालयाच्या बंद दारापर्यंत जाऊन परत आलो. कुणाशी बोललो नाही असे सलग काही दिवस गेले. मग मी मोठ्यानं आपली शरणांची वचनं म्हणायला लागलो, आपला आवाज आपल्यालाच ऐकू यावा म्हणून.

आमच्या वर्गात वेगवेगळ्या देशांतली माणसं आहेत. मी साक्षीदारांवर बोललो तेव्हा अर्जेंटिनाच्या एका बाईनं विचारलं, तुमची बहीण गावात सुरक्षित आहे का? मी म्हणालो, हो, तिचं पत्र आलंय, सगळं ठीक आहे.

एक विचारतो. मी पुण्याहून येऊन तुझा जबाब वाचला होता. त्यात एवढंच होतं की मुंजाजी आणि आणखी काही जणांना तू रॉकेल घेऊन बौद्धवाड्याकडे जाताना पाहिलंस. आपलं नीट बोलणं झालंच नाही, दाजी समोर होते. तू नेमकं काय पाहिलंस? जमेल तेव्हा लिही, घाई नाही.

कल्याण


हातनोली, २ मार्च १९८०

कल्याण बाळा,

लिहू का नको करत महिना गेला. आता लिहायले.

त्या दिवशी दिवेलागणीला मी माळवदावर गेले व्हते. पाऊस उघडला व्हता अन् स्वैपाकघरात गळत व्हतं, म्हणून वरची माती दाबायला गेले. आपल्या माळवदावरून बौद्धवाडा तळहातावानी दिसतो. माणसं आधीच पळून हायब्रीड ज्वारीच्या रानात शिरली व्हती. तानुबाईला पळता येत न्हाई. पंचफुला, तिची सून, लेकरं घेऊन गेली. म्हातारीला मागून न्यायचं असंल.

पोरं आली. हातात डबे व्हते. मुंजाजी म्होरं व्हता. तानुबाईच्या घरापाशी येऊन त्यानं दार ओढलं अन् भायेरून कडी घातली. मग बाकीच्यांनी वतलं अन् पेटवलं. कडी घालून तो वळला अन् वर बघितलं. मला बघितलं त्यानं. मी हातात ओली माती घेऊन उभी.

हे मी फौजदाराला सांगितलं व्हतं. त्यानं लिहिलं न्हाई. म्हणाला, बाई, एवढं बारीक कशाला, कोर्टात सांगा. कागदात म्हातारी धुरानं गुदमरून मेली असं हाय. कडीचं कुठंच न्हाई.

आता खरं ते सांगते. म्हातारी आत हाय हे मुंजाजीला ठाऊक व्हतं का न्हाई, ते मला म्हणता येणार न्हाई. मी त्याच्या मनात शिरले न्हाई. मी फकत हात बघितला. तो हात मी त्याच्या लहानपणी धुतलाय. मला लेकरूबाळ न्हाई, तुला ठाऊक हाय. नर्मदाबाई बाळंतपणात आजारी व्हती तवा वर्षभर तो माझ्याच मांडीवर व्हता. मला मावशी म्हणायचा.

तुझ्या पुस्तकात माझं नाव टाकू नको. गावाचं पण नको.

अक्का


हेग, ३० मार्च १९८०

अक्का,
पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

तुला कळतंय का, त्या कडीनं सगळं बदलतं. आत्ताचा खटला जाळपोळीचा आणि दंगलीचा आहे. कडी घातली असेल तर तो खुनाचा होऊ शकतो. फौजदारानं लिहिलं नाही म्हणून ते नाहीसं होत नाही. तू कोर्टात शपथेवर सांगितलंस की ते कागदावर येईल आणि मग न्यायाधीशांना तिकडे डोळेझाक करता येणार नाही. जेवढं पाहिलंस तेवढंच सांग, जसं मला लिहिलंस तसंच. मुंजाजीच्या मनात काय होतं ते तू ठरवू नकोस, ते काम कोर्टाचं आहे.

मी जो करार वाचतोय त्याचं सार इतकंच आहे, अक्का. प्रत्येकाला जगण्याचा हक्क आहे आणि तो मोडला तर सरकारनं त्याची दाद घेतलीच पाहिजे. मी हे इथल्या थंड खोलीत बसून वाचतो आणि मला तू माळवदावर उभी दिसतेस.

नर्मदाबाईंना हे ठाऊक आहे का? त्या तुझ्याशी कशा वागतात?

तारीख लागली की लगेच तार कर. मी मनानं तुझ्या शेजारी उभा असेन.

कल्याण


हातनोली, २० जुलै १९८०

कल्याण,

मधी तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं न्हाई. तारीख लागत न्हाई असं लिहायचा कंटाळा आला व्हता. आता लिहायला कारण हाय.

तालुक्याहून साहेब आले. मारुतीच्या पारावर बैठक झाली. जुनं समदं विसरून गावात सलोखा करायचा ठरलं. बौद्धवाड्याला छपराचे पत्रे मिळणार, नळ मिळणार, अन् ह्या गुन्ह्याचे खटले सरकार मागं घेणार. वरून हुकूम आलाय म्हणे. पाटील उठून बोलले, बौद्धवाड्यातला एक म्हातारा उठून बोलला, अन् दोघांनी एकमेकाला हार घातले. मला कुणी बोलावलं न्हाई. मी घरात बसून लाउडस्पीकरवर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आली. घरात आली न्हाई, बोळात उभी राहिली. तिचा नवरा औरंगाबादला कामाला गेलाय, ती हितं लेकरं घेऊन राहती. म्हणाली, "अक्का, तुमच्या पाया पडते, आता तुमी गप राहा. तुमी गवाही देणार म्हणून आमाला कुणी कामाला बोलवत न्हाई. दोन वर्सं झाली. मी सलोख्याच्या कागदावर अंगठा दिलाय."

मी म्हणाले, तुझी सासू गेली, पंचफुला. ती म्हणाली, "व्हय. अन् तीन लेकरं हायत." अन् गेली.

आता तुला खरं लिहिते, कारण लपवून काय राहिलं न्हाई. मी हिरीवर गेले की बायका घागरी उचलून निघून जायच्या. म्हणून मी वढ्याला जाते. गुडघे तसेच हायत. दुकानात निवांतपणा न्हाई, गिऱ्हाईकच न्हाई. स्वामी एकदा दुसऱ्या गावाला गेले ते अजून आमच्या दारात आले न्हाईत. दाजी उंदरांसाठी दुकानात झोपत न्हाईत. त्यांनी जबाबाच्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच टाकलंय. ताट वाढलं की जेवतेत. एकदाच म्हणाले, संध्याकाळचं काय दिसतंय, तुला भास झाला असंल. नर्मदाबाई वाटेत दिसली तर पदर तोंडावर घेती.

तू इचारलंस, मी उत्तर चुकवलं. तुझा अभ्यास मोडू नये म्हणून. पण लिहितानी माझं मलाच बरं वाटायचं. कागदावर तरी समदं ठीक व्हतं.

आता तू सांग, खटलाच न्हाई राहिला तर मी जे बघितलं ते कुठं सांगायचं?

अक्का


हेग, ५ ऑगस्ट १९८०

अक्का,
ह्या पत्राला चांगली सुरुवात मला जमत नाही.

ओढ्याचं पाणी. दुकानातला निवांतपणा. मी ती पत्रं काढून परत वाचली. मी इथे लोकांना सांगत होतो की माझी बहीण ठीक आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी प्राध्यापकांकडे गेलो, मग आणखी दोघांकडे गेलो. इतकं कळलं ते सांगतो. खटला मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकील देतो, पण न्यायाधीशांची संमती लागते. संमती द्यायच्या आधी ते कुणाचं म्हणणं ऐकू शकतात. ऐकलंच पाहिजे असं मात्र नाही. गावात शांतता राहावी म्हणून खटला सोडून देणं कायद्याला पूर्ण वर्ज्य नाही. न्यायाधीश सहसा हो म्हणतात.

आणि तो करार? आपण त्यात सामील झालो. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं स्वतः जिनिव्हाच्या समितीकडे तक्रार करायची, तर त्यासाठी वेगळा जोडकरार आहे आणि तो आपल्या देशानं मान्य केलेला नाही. म्हणजे हक्क आहे, तो लिहिलेलाही आहे. तो मागायला जायची वाट तेवढी नाही. मी वर्षभर ह्याच कागदांवर बसलो होतो. तुला "कोर्टात सांग" म्हणून लिहिताना कोर्टच उठून जाईल हे माझ्या मनातही आलं नाही.

म्हणून आता मी उलटं सांगतो. जाऊ नकोस. तू पुष्कळ केलंस. पंचफुला नको म्हणतेय, सरकार नको म्हणतंय, आणि मी तुझ्याजवळ नाही. एकटीनं कोर्टात उभी राहून घरी परतायचं ते त्याच गावात. मला भीती वाटते. माझं ऐक, या वेळी गप्प राहा.

कल्याण


हातनोली, १८ नोव्हेंबर १९८०

कल्याण,

तुझं ऐकलं न्हाई. रागावू नको.

तारीख लागली म्हणून देवगाव फाट्याच्या चहाच्या टपरीवर कळलं, मला कुणी नोटीस धाडली न्हाई. दाजींना सांगितलं, मी परभणीला जाते. ते तागडी पुसत राहिले. फाट्यावर यष्टीत चढले तर म्होरच्या बाकावर नर्मदाबाई. तिच्या मागच्या बाकावर जागा व्हती, पण मी पार पाठीमागं गेले. फाट्यापसून परभणीपतुर मला तिच्या डोईवरला पदर दिसत व्हता. उन्हाळ्यात आमी दोघी शेवया करायचो तवा ती बोलायची अन् मी हसायची. पंधरा-वीस वर्सं तरी केल्या असतील.

कोर्टात मुंजाजी अन् त्याच्या बराबरची पोरं एका रांगेत उभी. मुंजाजी लग्नानंतर जरा भरलाय. पंचफुला कोपऱ्यात खाली बसली व्हती. मला बघून तिनं मान खाली घातली. सरकारी वकील नवे व्हते. त्यांनी अर्ज वाचला. सार्वजनिक हित, गावातला सलोखा, असं त्यात व्हतं. तानुबाईचं नाव कुठं आलं न्हाई. "एक मयत" असं आलं.

जज साहेब वयस्कर व्हते. त्यांनी इचारलं, कुणाला काय म्हणायचं हाय का. इचारायची रीत असंल म्हणून इचारलं, कारण ते कागद आवरायला लागले व्हते. मी उठले.

म्हणाले, मी शांतम्मा सांबप्पा, हातनोलीची. मला गवाही द्यायची हाय.

वकील म्हणाले, साहेब, आज पुरावा न्हाई. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाले, "बाई, आज साक्ष घेता येत नाही. तुम्ही जे बोलाल ते नोंदवलं जाणार नाही. समजलं का?"

मी म्हणाले, समजलं. तरी बोलू का?

ते नको म्हणाले न्हाईत. म्हणून मी बोलले. माळवदावर कशाला गेले व्हते तिथपासून बोलले. डबे, दार, कडी, त्यानं वर बघितलं ते. म्हातारी आत हाय हे त्याला ठाऊक व्हतं का ते मला म्हणता येत न्हाई, हे पण बोलले. टायपाचं मशीन बंद व्हतं अन् त्याच्यावर बसलेला माणूस बोटं मांडीवर ठिवून माझ्याकडं बघत व्हता. मुंजाजी खिडकीकडं बघत व्हता. बोलून झाल्यावर मला कळंना की आता बसायचं का उभं राहायचं.

साहेब म्हणाले, "ऐकलं." मग म्हणाले, "पोलिसांच्या कागदात हे नाही. ज्यांचं घर जळालं त्यांची तक्रार राहिलेली नाही." अन् पंचफुलाला इचारलं. ती उठली, म्हणाली, माझी तक्रार न्हाई. मग साहेबांनी अर्ज मंजूर केला. सही करतानी त्यांनी चष्मा काढून पुसला, एवढंच.

भायेर आले तर नर्मदाबाई समोर आली. मला वाटलं शिव्या देईल. ती हळूच बोलली. म्हणाली, "शांता, तुला पोटचं लेकरू असतं तर तू असं केलं नसतंस."

यष्टीत तेच डोक्यात फिरत व्हतं. ती म्हणती ते खरं असंल का रे? लेकरू असतं तर मी माळवदावरून खाली उतरून दार लावून घेतलं असतं का? तुझ्या पुस्तकात ह्याचं काय असंल तर कळव.

पारावर आज गावजेवण हाय. समद्या वाड्यांचं एका पंगतीला. पाटलांनी बुंदी केलीय. आमच्या घराला सांगावा न्हाई. दाजींना एकट्याला हाय. ते गेले.

अक्का


हेग, १२ डिसेंबर १९८०

अक्का,
माझ्या पुस्तकात ह्याचं काही नाही.

तुझं पत्र घेऊन मी समुद्रावर गेलो. इथून ट्रामनं जाता येतं. वाऱ्यानं उभं राहवत नव्हतं आणि किनाऱ्यावर कुणीही नव्हतं. तू कोर्टात जे बोललीस ते मी तिथे मोठ्यानं वाचलं, तुझ्याच बोलीत. कशासाठी वाचलं ते मला सांगता येणार नाही.

मी जिनिव्हाला एक अर्ज पाठवला होता, चालणार नाही हे ठाऊक असूनही. त्यांचं उत्तर आलं. सभ्य भाषेत लिहिलंय की संबंधित देशानं तशी सोय मान्य केलेली नसल्यानं विचार करता येत नाही.

मी जूनमध्ये परत येतोय. तुला पुण्याला घेऊन जाईन. तिथे नळाला पाणी आहे आणि शेजारच्या बायका बोलतात. दाजी आले तर दोघं या, नाही तर तू एकटी ये. नाही म्हणू नकोस.

कल्याण


हातनोली, ८ मार्च १९८१

कल्याण बाळा,

तुला सांगायसारखं झालंय, म्हणून लगेच लिहायले.

सलोखा झाल्यापसून दुकानाला गिऱ्हाईक परतलंय. हिरीवर बायका आता उठून जात न्हाईत, बोलत पण न्हाईत. मी तिथं असल्यानं नसल्यानं काय फरक पडत न्हाई असं झालंय. ते वढ्याच्या वाटेपरीस जड जातंय. वढ्यावर निदान पाणी वाजायचं.

परवा दुपारी पंचफुला आली. या वेळी बोळात थांबली न्हाई. सरळ स्वैपाकघरात आली अन् चुलीपाशी बसली. मी भाकऱ्या करत व्हते. बराच वेळ ती जाळाकडं बघत बसली. मग म्हणाली, "अक्का, त्या दिवशी कोर्टात तुमी बोलल्या ते मी धड ऐकलं न्हाई. कानात नुसतं वारं भरलं व्हतं. आता सांगा. समदं सांगा."

मी म्हणाले, कशाला उगाच.

"सांगा," म्हणाली.

मी तवा उतरवला अन् सांगितलं. कडीपाशी आले तवा मी अडखळले. मला वाटलं, कोर्टात हिनं ऐकलं न्हाई, म्हणजे हे हिला आता पहिल्यांदाच कळंल, कशाला भाजायचं. तवा तिनं तिचा उजवा हात चुलीच्या उजेडात उघडला. तळव्याला आडवा वळ हाय, कातडं आकसून पांढरं पडलंय.

म्हणाली, "कडी मीच काढली, अक्का. जाळ खाली बसल्यावर मीच पहिली आले. म्हातारी दाराला टेकूनच व्हती."

मग तिनं तिचं सांगितलं. लेकरांना रानात ठिवून माघारी येतानी काय दिसलं, म्हातारीला कुणी उचललं, फौजदाराला हात दाखवला तर तो म्हणाला भांडी काढतानी भाजलं असंल. तिनं समदं सांगितलं अन् मी ऐकलं. इतके दिवस तिला ते कुणाला सांगता आलं न्हाई. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो कुऱ्हाड घेऊन निघाला असता, म्हणाली, अन् मग फाशी त्यालाच झाली असती. मी तिला इचारलं न्हाई की मग अंगठा का दिलास. तीन लेकरं हायत, हे तिनं मला आधीच सांगितलं व्हतं.

उठतानी म्हणाली, "मी परत येईन. काम नसलं की येईन." मी म्हणाले, ये.

ती गेली अन् मी वळून बघितलं तर दुकानाच्या मधल्या दारात दाजी उभे. किती वेळ उभे व्हते ठाऊक न्हाई. दुकान तसंच उघडं टाकून आले व्हते. त्यांनी मला इचारलं, "मुंजाजीनं कडी खरंच घातली व्हती?"

मी म्हणाले, व्हय.

ते खाली बसले, पंचफुला बसली व्हती तिथंच. लय वेळानं म्हणाले, "अन् मी त्याला काल साखर तोलून दिली."

मी तवा परत चुलीवर ठिवला अन् राहिलेल्या भाकऱ्या केल्या. ते तिथंच बसून जेवले. दुकानाकडं गेले न्हाईत.

तू जूनला ये. पुण्याला येईन का न्हाई, ते आत्ता सांगत न्हाई.

तुझी अक्का